शोकेसमधली वाजंत्री मंडळी

या सदराचा एक नियम आहे. घरात आलेली वस्तू निदान सहा महिने वापरल्याशिवाय तिच्याविषयी येथे लिहायचे नाही. कुकर असो, पिठाची घरघंटी असो की इन्व्हर्टर असो, आधी तिने आमच्या घरातल्या माणसांचे हाल सोसायचे आणि मग मी तिचे गुणदोष सांगायचे, असा करार आहे. दिवाळी अंकापुरता तो मोडतो आहे. आजची वस्तू आमच्या घरात चाळीस वर्षे आहे, आणि त्या चाळीस वर्षांत ती एक दिवसही वापरली गेली नव्हती.

वस्तू म्हणजे खेळण्यांचा एक खोका. आत तीन बाहुले आणि त्यांची वाद्ये. तिघे मिळून एक गाणारा-वाजवणारा ताफा होतो. पण हा ताफा ना मुंबईचा, ना लखनौचा, ना विलायतेचा. पृथ्वीवरचाच नव्हे. परग्रहावरचा आहे.

जळकोटला परग्रहावरची वाजंत्री मंडळी कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे.

१९८५ ची दिवाळी. धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली त्याला सहा वर्षे झाली होती आणि त्या वर्षी ती प्रथमच भाऊबीजेला माहेरी आली. जळकोट तेव्हा तालुक्याचे गाव नव्हते. लातूर जिल्हा होऊनच तीन वर्षे झालेली. उदगीरला रेल्वेतून उतरायचे, मग एस.टी.त बसून बालाघाटाच्या माळरानातून धूळ खात यायचे. अमेरिकेचे माणूस आले म्हणून गल्लीतल्या बायका दोन दिवस काही ना काही निमित्त काढून डोकावून जात होत्या. एकीने तर विरजणासाठी वाटी आणली आणि वाटी विसरूनच गेली.

भाऊबीजेला ओवाळणी भावाने घालायची. पण अमेरिकेहून आलेली बहीण ओवाळणी घेते कमी आणि वाटते जास्त. तिने बॅग उघडली. मला बॉलपेन, हिला अत्तराची बाटली, आईला शाल आणि आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना हा खोका.

खोक्यावर त्या मंडळींचे चित्र होते. चिरंजीव ते पाहून जागच्या जागी थिजले. मीही चष्मा पुसून पाहिले. मध्ये निळ्या अंगाचा एक गोलमटोल गृहस्थ, हत्तीसारखे कान, आखूड सोंड, आणि त्याच्याभोवती कड्यासारखी पेटी. एका बाजूला फिकट रंगाचा, लोण्याच्या गोळ्यासारखा जाडजूड प्राणी, हातात बासरीसारखे काही. आणि तिसरी गायिका. काडीसारखे पाय, आणि तोंडाचा सोंडेसारखा पुढे आलेला नळा, त्याच्या टोकाला लाल ओठ. ओठांना रंग लावलेला होता हे हिने पहिल्या नजरेत टिपले.

"हे कोण गं?" आईने विचारले.

"सिनेमातला बँड आहे आई. दुसऱ्या ग्रहावरचा."

आईला ग्रह म्हणजे शनी-मंगळ ठाऊक. तिने निळ्याच्या सोंडेकडे पाहून निकाल दिला, "सोंड आहे. लेकराच्या पायाखाली येऊ देऊ नका." म्हणजे गजाननाचा तो लांबचा का होईना नातलग ठरला आणि त्याच क्षणी त्याचे खेळणेपण संपले. राहिलेले काम मी केले. खोका चिरंजीवांच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "आत्ता उघडू नको, फुटेल. मोठा झालास की खेळ."

अशा रीतीने वाजंत्री मंडळी शोकेसमध्ये गेली.

ज्यांच्या घरी त्या काळी शोकेस होते त्यांना अधिक सांगायला नको. बैठकीच्या भिंतीत काचेच्या सरकत्या दारांचे कपाट. त्यात पाहुण्यांसाठीचा आणि म्हणून कधीही न वापरलेला चहाचा सेट, कन्याकुमारीचे शिंपले, आग्र्याचा ताजमहाल, प्लॅस्टिकची द्राक्षे. आमच्या शोकेसमध्ये त्यांच्या जोडीला निर्मळचे एक लाकडी सीताफळ होते. नांदेडच्या पूर्वेला भैंसा ओलांडून गेले की निर्मळ लागते. ते आज तेलंगणात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या घरांत निर्मळची फळे आणि पक्षी सापडतात. पोनिकी नावाचे लाकूड असते, हलके आणि मऊ. ते कोरायचे, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवायचे, आणि वर रंग द्यायचा. सीताफळाचा एकेक डोळा असा उमटतो की घरी आलेल्या एका पाहुण्याने ते खरे समजून दाबून पाहिले होते. विजयवाड्याजवळच्या कोंडापल्लीला याच लाकडाची माणसे करतात. तिथला अंबारीचा हत्ती प्रसिद्ध आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याची फळे होतात. हे सारे कसब हाताचे आणि पिढीजात आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे: ही फळे घेणारा बाप ती मुलाच्या हातात देत नाही. तीही शोकेसमध्येच जातात.

मुलांच्या हातात जी खेळणी खरोखर पडत ती वेगळी होती. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, घोडे-गाढवे-उंट यांच्या बाजारासाठी ती दूरवर ठाऊक आहे. तिथून पिपाणी, भिंगरी, पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक, बांबूच्या काडीला बांधलेले कागदी चक्र यायचे. पिपाणी यात्रेतून घरी येईपर्यंत टिकली तरी खूप. कारखान्यात झालेले, सांध्यांत वळणारे बाहुले तेव्हा आमच्या बाजूला कुणी पाहिलेच नव्हते. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, फनस्कूल कंपनी निघाली आणि पुढे तिने अमेरिकन जी. आय. जो शिपाई इथे काढले. पण तेही पुण्या-मुंबईच्या दुकानांत. जळकोटला १९८५ साली असा खोका एकच होता आणि तो आमच्या शोकेसमध्ये बंद होता.

चिरंजीव शाळेतून आले की दप्तर टाकून काचेशी उभे राहायचे. इतके जवळ की नाक काचेला टेकायचे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ही फडके घेऊन तो नाकाचा ठसा पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उमटलेला असायचा. वाढत्या उंचीबरोबर ठसाही काचेवर वर वर सरकत गेला. आम्हाला त्याचे कौतुक वाटायचे. मुलगा किती शहाणा आहे, हट्ट म्हणून करत नाही, असे आम्ही पाहुण्यांना सांगायचो.

त्याने हट्ट केला नाही हे खरे. त्याने दुसरेच केले. पोळ्याला गल्लीतली पोरे तळ्याकाठची माती आणून बैल करतात. त्या वर्षी बैल झाल्यावर उरलेल्या मातीचे याने तीन गोळे केले आणि खोक्यावरचे चित्र पाहून तिघांना घडवले. सोंडवाल्याची पेटी म्हणून बांगडीचा तुकडा, जाड्याची बासरी म्हणून काडेपेटीतली काडी, आणि गायिकेच्या ओठांना आजीच्या करंड्यातले कुंकू. आमची काळी माती वाळली की तडकते. आठ दिवसांत गायिकेचे पाय गेले. मग ती बसून गाऊ लागली. पुढे सगळेच विरघळले. पण दर पोळ्याला, मला आठवते तसे चार वर्षे तरी, तो ताफा नव्याने उभा राहायचा. मी त्या वेळी शाळेत हस्तकलेचा तास घेत असे, आणि तिथे याच मुलाला मातीकामात दहापैकी पाच गुण दिले होते, कारण सांगितलेला आंबा सोडून त्याने भलतेच काही केले होते. असो.

पुढची काही वर्षे भराभर सांगतो. मुलगा उदगीरला गेला, तिथून पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तिथेच नोकरीला लागला. आई गेली. शोकेसला एकदा वाळवी लागली तेव्हा सगळे बाहेर काढून पुन्हा मांडले. खोका होता तसाच पहिल्या जागेवर. रंग थोडा विटला, चिकटपट्टी पिवळी झाली, पण पट्टी कुणी ओढली नाही.

दोन वर्षांपूर्वी भाचा आला. म्हणजे तीच बहीण, तिचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा. वय चाळिशीच्या पुढचे. मराठी समजते, बोलतो अडखळत, पण मनापासून. चहा घेता घेता त्याचे लक्ष शोकेसकडे गेले आणि कप हातात तसाच राहिला.

"मामा, हे उघडलं नाहीत ना?"

त्याच्या आवाजात जी काळजी होती ती लोक दवाखान्याच्या दारात ऐकवतात. नाही म्हटल्यावर त्याने श्वास सोडला, रुमालाने हात पुसले, खोका अलगद खाली घेतला आणि मग दोन तास आम्हाला त्या मंडळींचे कुलवृत्तांत ऐकवले. ते वाचकांना सांगण्याजोगे आहेत.

अमेरिकेत १९७७ मध्ये जॉर्ज ल्युकस याचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्याचे बाहुले करण्याचा हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीने घेतला होता. पण चित्रपट इतका चालेल असे कुणाला वाटले नव्हते. नाताळ आला आणि बाहुले तयार नाहीत. तेव्हा कंपनीने काय विकावे? रिकामे पाकीट. आत एक कुपन. ते भरून पाठवा, बाहुले झाले की पुढच्या वर्षी टपालाने घरी येतील. आणि लोकांनी ती पाकिटे नाताळची भेट म्हणून मुलांना घेतली. १९७८ मध्ये चार बाहुले टपालाने घरोघर गेले. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे तिकडेही उधारी चालते."

बाहुल्यांचे माप पावणेचार इंच ठेवले, हाही विचाराचा भाग. त्याआधी अमेरिकेतला शिपाई-बाहुला फूटभर उंचीचा असे. पण या चित्रपटात विमाने फार. फूटभर माणूस बसेल एवढे विमान करायचे तर ते दारातून आत येणार नाही आणि बापाच्या खिशात मावणार नाही. माणूस लहान केला की विमान आवाक्यात येते. हिशेब साधा होता.

आमचा ताफा तिसऱ्या चित्रपटातला, 'रिटर्न ऑफ द जेडाय', मे १९८३. जब्बा नावाचा एक अगडबंब गोगलगायीसारखा सावकार-दरोडेखोर आहे, त्याच्या वाड्यात हे तिघे गाणी-बजावणी करतात. निळा सोंडवाला मॅक्स रीबो, तो ताफ्याचा मालक. बासरीवाला ड्रूपी मकूल. गायिका साय स्नूटल्स. भाच्याने नावे सांगितली तेव्हा ही म्हणाली, साय म्हणजे दुधावरची का? ती त्या दिवसापासून आमच्या घरात सायबाई झाली. चित्रपटात हे तिघे किती वेळ दिसतात? जेमतेम काही मिनिटे. तेवढ्यासाठी बाहुल्यांचा स्वतंत्र खोका निघाला, यावरून या धंद्याची कल्पना यावी.

त्यांच्या गाण्याचीही एक कथा आहे. १९८३ च्या चित्रपटात सायबाई 'लॅप्टी नेक' नावाचे गाणे म्हणतात, बनवलेल्या भाषेत. १९९७ मध्ये ल्युकसने जुने चित्रपट दुरुस्त करून पुन्हा लावले, तेव्हा ते गाणे काढून दुसरे घातले, कळसूत्री बाहुलीची सायबाई काढून संगणकावर रेखाटलेली आणली, आणि तिघांच्या ताफ्याचे बारा जण केले. पुण्याच्या वसतिगृहात आमच्या मुलाने पुढे हा चित्रपट पाहिला तो दुरुस्त केलेला. त्याने तेव्हा पत्रात एकच ओळ लिहिली होती की, बाबा, आपल्या शोकेसमधली बाई ही नव्हे. मला त्या वेळी अर्थ लागला नव्हता.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली ती मला सर्वांत आवडली. पहिल्या चित्रपटातही एक परग्रहावरचा बँड आहे, एका दारूच्या गुत्त्यात वाजवणारा. त्याची चाल संगीतकार जॉन विल्यम्स याने बांधली. परग्रहावरचे संगीत कसे असावे, हे कुणाला ठाऊक? ल्युकसने त्याला कल्पना दिली ती अशी की, पुढच्या कुठल्या तरी शतकात काही विचित्र प्राण्यांना जमिनीत पुरलेले १९३० च्या सुमाराचे बेनी गुडमनचे जाझ सापडले आणि त्यांनी ते आपल्या परीने वाजवले, तर कसे वाजेल? म्हणजे परग्रहावर जाऊन शेवटी वाजले काय, तर आजोबांच्या वेळचे गाणे.

मला आमच्याकडचे लग्नाचे बँड आठवले. खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्यावर तुरा, कोट इंग्रजी पलटणीचा, हातात क्लॅरिनेट, आणि वाजते आहे मराठी नाही तर हिंदी चित्रपटाचे गाणे, वैशाखाच्या उन्हात, घोड्यापुढे. एखादा परग्रहवासी उदगीरच्या रस्त्यात उतरला तर त्याने कुणाला परका म्हणावे?

भाच्याचा मुद्दा मात्र वेगळा होता. हा खोका न उघडलेला आहे, म्हणून त्याला मोल आहे. असे खोके जमवणारे लोक असतात. उघडलेल्या खेळण्याचे मोल त्यांच्या लेखी पार उतरते. बोबा फेट नावाच्या एका बाहुल्याचे उदाहरण त्याने दिले. त्याच्या पाठीवरून उडणारे रॉकेट मुलांच्या घशात अडकेल या भीतीने तो प्रकार कधी विक्रीलाच आला नाही. नमुन्यादाखल केलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २०२४ मध्ये अमेरिकेत पाच लाख डॉलरांच्या वर लिलावात गेली. (तेव्हा भाचा परत गेला होता, ही बातमी त्याने फोनवर सांगितली, आणि त्या रात्री हिने शोकेसला प्रथमच कुलूप घातले.) आमच्या मंडळींना एवढी किंमत नाही. त्याचा अंदाज, एका बऱ्यापैकी फ्रिजची किंमत येईल. "पण मामा, उघडू मात्र नका. चाळीस वर्षं तुम्ही किती छान सांभाळलंत!"

शाबासकी मिळाली की माणसाला बरे वाटते. मला त्या दिवशी वाटले नाही. का, ते यंदा भाद्रपदात कळले.

महालक्ष्म्यांना मुलगा, सून आणि सात वर्षांची नात पुण्याहून आली. आमच्या मराठवाड्यात गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्याच म्हणतात, आणि त्यांच्यापुढे घरातले असतील नसतील तेवढे जिन्नस मांडतात. फराळाचे डबे, फळे, खेळणी. मुलींना त्या तीन दिवसांत मांडामांडीचा अधिकार असतो. निर्मळचे सीताफळ बाहेर निघाले, ताजमहाल निघाला. मग नातीने शोकेसपुढे उभे राहून बोट केले, "आजी, तो बँडबाजा पण मांडू?"

आजीने कुलूप काढले, खोका दिला. नातीने तो उलटासुलटा केला, चित्र पाहिले, आणि नखाने पिवळी पट्टी खरवडू लागली. तेवढ्यात दारातून मुलगा म्हणाला,

"नको उघडू बाळा. त्याची किंमत जाते. मोठी झालीस की बघू."

तो हे सहज बोलला. त्याचे लक्षही नव्हते, तो विजेची माळ सोडवत होता. पण हातातले आंब्याचे डहाळे मी खाली ठेवले. नात काही बोलली नाही. तिने नख मागे घेतले, खोका महालक्ष्म्यांपुढे नीट सरळ ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. हट्ट म्हणून केला नाही. शहाणी मुलगी.

मी हिच्याकडे पाहिले, ही माझ्याकडे पाहत होती. लग्नाला पन्नास वर्षे होत आली की काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. तरी ती बोलली. "अहो, आता कुणासाठी ठेवायचं ते?" आणि पानाच्या डब्यातून अडकित्ता काढून तिने माझ्या हातात दिला.

"बाबा, काय करायलात?" मुलगा माळ टाकून उठला. पुण्यात वीस वर्षे काढली तरी घाबरला की तो जळकोटचे बोलतो.

"मोठा झालास ना?" मी म्हणालो, आणि पट्टी कापली.

आता वस्तूची परीक्षा, जिच्यासाठी हे सदर आहे.

खोका उघडल्यावर आधी वास आला. चाळीस वर्षे कोंडलेल्या प्लॅस्टिकचा, गोडसर, थोडा औषधी. बाहुले चिकट झाले असतील अशी मला धास्ती होती. तसे काही नव्हते. रंग टवटवीत. उन्हात न राहिल्याने असेल. ओतकाम बारीक आहे: मॅक्स रीबोच्या कानांच्या सुरकुत्या, ड्रूपीच्या पोटाच्या वळ्या नखाला लागतात. निर्मळच्या कारागिराने पाहिले तर तो रंगाला नावे ठेवील, कारण इथे रंग मोजकाच, जिथे हवा तिथे. पण साच्याला नावे ठेवणार नाही. हात खांद्यात वळतात, त्याहून फार अपेक्षा करू नये. कोपर वाकत नाही. तरी बासरीवाल्याचा हात एकदा वाद्याशी नेला की तो तल्लीन झालेला दिसतो, तो चेहऱ्यामुळे. त्याचे डोळे मिटल्यासारखे बारीक आहेत. आमच्याकडच्या भजनात मागच्या रांगेत असे एक गृहस्थ बसतात.

दोष सांगतो. सायबाई उभी राहत नाही. पाय काडीसारखे आणि तोंड पुढे, त्यामुळे तोल जातो; फरशीवर दर दोन मिनिटांनी तोंडघशी पडते. नातीने तिला सीताफळाला टेकवून उभी केली. माईक इतका लहान की तो पहिल्या संध्याकाळीच हरवला, आणि दुसऱ्या दिवशी पुरणाच्या पाटाखाली सापडला. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती हा खोका मुळीच देऊ नये. बोबा फेटच्या रॉकेटचे जे झाले ते विसरू नये.

आवाज नाही. किल्ली नाही, सेल नाही, बटण नाही. मला हा गुण वाटतो. हल्लीची खेळणी बटण दाबले की स्वतःच गातात, स्वतःच टाळ्या वाजवतात आणि पोराला प्रेक्षक करून ठेवतात. तिसऱ्या दिवशी आईबाप सेल काढून लपवून ठेवतात. इथे तीन मुके वाजंत्री आहेत, आणि त्यांच्या नावाने कुणी तरी गायलाच हवे. नातीने प्रथम शाळेतली प्रार्थना म्हटली, मग तिला येणारी आरती. सायबाईच्या तोंडी आरती ऐकून माझ्या आईला काय वाटले असते कुणास ठाऊक; निळ्याच्या सोंडेमुळे तिने चालवून घेतले असते असे मला वाटते.

पण मोठा दोष वेगळाच, आणि तो मुलाच्या ध्यानात आला. तो इतका वेळ लांबून पाहत होता. मग खाली बसला, तिघांना हातात घेऊन एकेक फिरवून पाहिले, जाड्याची बासरी काढून परत लावली. आणि म्हणाला, "यांच्यात ठेका धरणारा कुणीच नाही."

खरेच नव्हता. पेटी, बासरी, गळा. तालाला कुणी नाही. आपल्याकडे असे होणार नाही. गोंधळी चार आले तर त्यांत संबळ असतो, तुणतुणे असते, झांज असते. तुळजापूर आणि माहूर अशा दोन देवींच्या मधला हा मुलूख. संबळाशिवाय आमच्याकडे लग्न पार पडत नाही आणि हलगीशिवाय मिरवणूक पुढे सरकत नाही. हा एवढा तयार ताफा, चार माणसे, ठसठशीत पोशाख, हातात दिवटी. तरी गोंधळ्यांचा असा वाद्यांसकट संच मुलांच्या खेळण्यांत माझ्या पाहण्यात आला नाही. सावंतवाडीच्या किंवा निर्मळच्या कुणी मनावर घेतले तर मी पहिला ग्राहक. शोकेसमध्ये ठेवणार नाही, हे लिहून देतो.

मुलगा उठला आणि परसात गेला. गणपतीची आरास करताना आणलेली शाडू उरली होती, ती बादलीत भिजत पडलेली. तासाभराने तो हातात काही तरी घेऊन आला. पावणेचार इंचांचाच असावा, मोजून केलेला. डोक्याला मुंडासे, गळ्यात पट्टा, पट्ट्याला हलगी, आणि दोन हातांत उदबत्तीच्या काड्या.

"हा कुठल्या ग्रहावरचा?" नातीने विचारले.

"जळकोटचा."

तिने त्याला मॅक्स रीबोच्या शेजारी बसवले, मग विचार करून सगळ्यांच्या पुढे आणला. सायबाईला सीताफळाचा टेकू पुन्हा दिला. मुलाने तोंडाने हलगी धरली. अशी काही धरली की सून स्वयंपाकघरातून पुरणाचा हात घेऊन बाहेर आली. मी हस्तकलेचा मास्तर. मला हलगीवाल्याच्या डाव्या खांद्यात चूक दिसत होती, ओल्या मातीला आतून काडीचा आधार हवा होता. पण बोललो नाही.

महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी हलगीवाल्याचा हात तडकलाच. नातीने त्याला फेविकॉल लावला आणि तो वाळेपर्यंत त्याला एकट्याला खिडकीत ठेवला. पुण्याला जाताना तिने चौघांना टॉवेलमध्ये गुंडाळून आपल्या दप्तरात भरले. खोका मात्र न्यायचा राहिला. तो आता शोकेसमध्ये आहे, रिकामा. हिने त्यात पाहुण्यांच्या चहाच्या सेटचे चमचे ठेवले आहेत. भाच्याला अजून कळवलेले नाही.